मावशी, सरांना काही विचारू नकोस

नांदेड, रविवार

तीर्थरूप धुरपता मावशीच्या पायावर अयोध्याचं डोकं.

गुडघा कसाय? काकांचा खोकला उतरला का? मी बरी हाय, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत होते. फोनच करणार होते, पण तू स्पीकर लावतेस आणि शिरूर अनंतपाळची अख्खी गल्ली ऐकते. म्हणून हे पत्र तुमच्याकडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राहिले.

तुला ठाऊकच हाय, मी विद्यापीठाच्या 'अध्यापन नवोपक्रम कक्षा'त कंत्राटावर हाय. (नाव एवढं लांब, खोली जिन्याखाली.) काम एकच, प्राध्यापकांना नव्या तऱ्हेनं शिकवायला लावायचं. धडा व्हिडिओत सांगायचा, पोरांनी तो घरी बघायचा, आणि वर्गात नुसती चर्चा. मंगळवारी समिती येऊन असा एक तरी धडा बघणार. न्हाई दिसला तर कक्षाला कुलूप, आणि मी घरी. कॅमेऱ्यासमोर उभं राहायला एकही प्राध्यापक तयार होईना. शेवटी इतिहासाचे भीमाशंकर सर (पुढच्या वर्षी निवृत्त) हो म्हणाले, तेव्हा मी पेढे वाटले. ते पेढे आता घशात अडकून राहिलेत.

पहिल्याच व्हिडिओत सरांनी काय करावं? हजेरी घेतली. अख्ख्या वर्गाची. एकेक नाव घ्यायचे, चष्म्यावरून कॅमेऱ्याकडं बघायचे आणि थांबायचे. मी म्हटलं, सर, इथं कुणीच न्हाई. तर मलाच म्हणतात, "पोरी, हजेरी घेतल्याबिगर मी आजवर शिकवायला तोंड उघडलेलं न्हाई." हजेरी संपली तेव्हा व्हिडिओची वेळही संपली. मी हबकूनच गेले. म्हटलं, पहिला दिवस हाय, जाऊ दे.

पण खरा धक्का व्हिडिओच्या खाली होता. तुझ्या लेकाच्या, सोमेशच्या नावानं पहिलाच अभिप्राय: 'सर, सोमेश बैल बघायला देवणीला गेलाय, हजेरी लावा. तुम्ही लई वाळलात, जेवता का न्हाई?' मावशी, तुझी बोली मला कळत न्हाई व्हय? अगं, तो व्हिडिओ हाय. सर तिकडून तुला बघून राहिलेत असं वाटलं का तुला? (मोबाईलला बोलून लिहायचं तुला मीच शिकवलं, ते सोड.) तुझं बघून कंधारच्या एका आईनं लेकाचा ताप कळवला. एका आजीनं तर सरांना नातवाच्या जावळाचं आवतन दिलं.

पुढच्या व्हिडिओत सरांनी पुन्हा हजेरी घेतली आणि सगळ्यांना उत्तरं दिली. मंडळी पुण्याला लेकाकडं गेलीय, म्हणून खिचडीवर हाय, हेही सांगितलं. त्यावर तू डाळीची फोडणी लिहून पाठवलीस. तिसऱ्या व्हिडिओत सर ती फोडणी जमली का ते सांगत बसले. मावशी, निजामाचं राज्य शिकवायचं होतं, अजून निजाम गादीवरसुद्धा बसला न्हाई. आमचे संचालक व्हिडिओ बघत न्हाईत, अभिप्राय मोजतात. 'संवादात आपण सगळ्यांच्या पुढं' म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. टाळ्या संपायच्या आत मी जिन्याखालची खोली गाठली.

तर एवढंच कर. मंगळवारपर्यंत सरांना अवाक्षर लिहू नको. कुणी बोललं न्हाई तर झक मारत धडा शिकवतील, आणि तोच मी समितीला दाखवीन.

तुझी,
अयोध्या

ता.क. सोमेशला वर्गात पाठव. पोरं त्याच्या जागेवर बॅग ठेवून 'बैल बघायला गेलाय' म्हणतात.

दुसरा ता.क. पाकीट चिकटवणार तोच सर इथं कक्षात आले, आज रविवार असूनही. आज हजेरी न्हाई, काही न्हाई, सरळ निजामावर आले. इतकं गोड सांगून राहिले होते की कॅमेऱ्यामागं उभी हाय हेच मी विसरले. मग 'समजलं का?' म्हणाले आणि थांबले. थांबलेच. म्हणाले, "शिरूरच्या बाई, दोन दिवस झाले, तुमचं काही आलं न्हाई. तब्येत बरी हाय ना?" पुढं बोलायला तयारच न्हाईत. तुला फोन लावला तर तोही बंद. आता मलाच घोर लागलाय.

वर लिहिलेलं सगळं खोड. या माणसानं जन्मभर 'समजलं का' विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फळा पुसला. आज तो वाट बघून राहिलाय. समितीचं माझं मी बघते. तू बरी असलीस तर कुणाच्या तरी मोबाईलवरून त्यांना लिही, 'हाव सर, समजलं. पुढं सांगा.'