शाळेतली झोळी

राहनाळ, भिवंडी
२० जुलै २००६

ति. चंद्राताईस,
रूपाचा शि. सा. न. वि. वि.

कुणाल सहा महिन्यांचा झाला. नाक थेट तुझं, बिचाऱ्याचं! बातमी अशी की, मी पुन्हा शाळेत जाते, दहावीला. मोठ्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. प्रयोगशाळेशेजारची खोली त्यांनी रिकामी केलीय. तिथे माझं आणि आणखी दोघींची बाळं झोळीत असतात, शाळेच्या शिपाई धोंडूबाई सांभाळतात. मधल्या सुट्टीत मी जाऊन पाजते. हरेश गोडाऊनच्या ड्युटीला जाताना आम्हाला सोडतात.

सासूबाई मात्र रागावल्यात. पोर कडेवर घेऊन शाळेत जाणारी सून आख्ख्या गावात आमचीच हाय, म्हणतात. काही पालकांनीही तक्रार केलीय, आमच्या मुली हे बघून बिघडतील म्हणून. पुढच्या महिन्यात सभा आहे. खोली बंद झाली तर माझी शाळा संपली.

वर्गात बसले की आपली शाळेची वाट आठवते. चिखल लागला की तू मला पाठीवर घ्यायचीस, आणि तुझ्या चपला माझ्या हातात. किती हसायचो!

माया आहे तशीच राहू दे.
तुझी रूपा

शहापूर
२ ऑगस्ट २००६

चि. रूपास अनेक आशीर्वाद.

नाकाला नावं ठेवू नकोस, त्याच नाकावर मला स्थळ आलं! सातवीत मला घरी बसवलं, तेव्हाही आपल्या शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. दादांनी चहा पाजून परत पाठवलं. मग सकाळी तू एकटीच निघायचीस, वळणावर मागे बघायचीस. मी दारातून हात करायचे आणि आत येऊन भांडी आपटायचे.

सासूबाईंशी भांडू नकोस. एकदा ती खोली बघायला ने.

कुणालला पापा.
तुझी ताई

राहनाळ
२३ ऑगस्ट २००६

ति. ताईस सा. न.

न्यायची वेळच आली नाही. सासूबाई रागाने कुणालला घरी न्यायला आल्या. दुसरं एक बाळ रडत होतं, धोंडूबाईंनी ते सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. मी सुट्टीत गेले तर त्या पाय पसरून गाणं म्हणत होत्या. येताना वाटेत म्हणाल्या, हरेश झाला तेव्हा त्या चौदाच्या होत्या. बांधावरच्या झाडाला झोळी बांधून भाताची लावणी करायच्या. एकदा त्याला मुंग्या लागल्या आणि चिखलातून धावत पोचेपर्यंत त्याचा आवाज बसला होता. सांगताना तोंड फिरवून घेतलं.

सभेत त्या उभ्या राहिल्या. ज्यांना पोरी बिघडतील वाटतं त्यांनी पोरींना एक दिवस हितं लंगोट धुवायला पाठवा, म्हणाल्या, लग्नाची घाई कोण करणार न्हाय. सगळे हसले. खोली राहिली, ताई! आता त्या रोज दुपारी धोंडूबाईंच्या मदतीला येतात.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
रूपा

शहापूर
५ सप्टेंबर २००६

चि. रूपास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझी नणंद करिष्मा चौदाची, परवा तिला बघायला पाहुणे आले. मी चहा घेऊन बाहेर गेले आणि सासऱ्यांसमोर म्हणाले, दहावी होईपर्यंत आम्हाला मुलगी द्यायची नाही. माझ्याच आवाजाने मी दचकले. सासरे अजून रागात आहेत. पण आज सकाळी करिष्मा दप्तर घेऊन निघाली, आणि तिला कोणी अडवलं नाही. मी दारातून हात केला.

अशीच जीव लावत राहा.
तुझी चंद्राताई