माझ्या घरात रिधाची शाळा

सोमवार, ६ ऑगस्ट

आला एकदाचा! माझा धाकटा भाऊ रिधा, दोन वर्षांनी फ्रान्समधून, मार्सेयहून. ट्युनिसला बोटीतून उतरून इथे झार्झिसपर्यंत दिवसभर एकट्याने गाडी हाकली. दोन्ही मुलं बरोबर — इलियास तेराचा, ताडमाड वाढलाय, आणि नोरा नऊची. बायको नाही. "तिला सुट्टी नाही मिळाली, ताई." बरं.

हात हलवत आला. साबणाची एक वडी नाही! वर मलाच सांगतो, "यंदा मुद्दाम काही आणलं नाही. पोरांना वस्तूंचं वेड लागलंय. ते उतरवायला तर इथं आणलंय." मला काही नकोच होतं. पण मामा येणार म्हणून माझी शिराझ सकाळपासून दारात उभी होती. तशीच आत गेली.

मंगळवार, ७ ऑगस्ट

पाहुण्यांच्या कुसकुससाठी मुख्तारने बोटीवरचा चांगला मोठा मासा राखून आणला. विकला असता तर आठवड्याचा बाजार निघाला असता. पण भावाची मुलं आलीत, तिथे हिशेब कसला?

तर रिधा स्वयंपाकघरात हजर! "एवढं नको गं. भाकरी, तेल, हरिसाची तिखट चटणी — बस. लोक कशावर जगतात ते कळू दे त्यांना."

कोण लोक? कुठले लोक?

"माझ्या दारात तुझी मुलं तेल-भाकरी खाणार?" मी म्हटलं. "शेजारची सालहा भिंतीला कान लावून बसलेली असते. उद्या गावभर होईल — मुख्तारच्या बायकोने भाच्यांना उपाशी ठेवलं!"

मासा केलाच. इलियासने तीनदा मागून घेतला.

गुरुवार, ९ ऑगस्ट

कमाल झाली! मुलांनी बादलीतून आंघोळ करावी म्हणून याने गरम पाण्याचा बंबच बंद केला. अरे, शॉवर आहे माझ्या घरात! तीन वर्षं काटकसर करून बसवलाय. मुख्तारला म्हटलं, बघ तुझा मेव्हणा. तो हसतो. "आधी चहा पी, मग राग कर."

शुक्रवार, १० ऑगस्ट

जुम्म्याची नमाज झाली, जेवायला बसलो. ताटं अजून उचलली नव्हती तर रिधाची शाळा भरली. रोज जेवण झालं की प्रत्येकाने सांगायचं, आपण कशाबद्दल आभारी आहोत. फ्रेंचमध्ये! मुलांना वाटतं आत्याला कळत नाही. मॅट्रिकला मला फ्रेंचमध्ये वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते, त्यांचा बाप काठावर पास झाला होता. सांगू?

नोरा म्हणाली, "आपल्याकडे भांडी धुवायचं यंत्र आहे. माझी वेगळी खोली आहे. मला अंगण झाडावं लागत नाही."

इलियास मान खाली घालून, "जेवण." एवढंच. रोज एवढंच म्हणतो. उर्मट कार्टं!

आमच्यात जेवण झालं की 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतात आणि उठतात. त्यासाठी दुसऱ्याच्या घरात काय नाही ते मोजत बसावं लागत नाही.

रविवार, १२ ऑगस्ट

वर्षाचं वाळवण. सालहा आणि तिची सून आल्या होत्या. पहाटेपासून रवा वळत होतो, गच्चीभर चादरी पसरलेल्या, कुसकुस वाळत घातलेला. रिधा मुलांना घेऊन वर आला. फोन काढून चित्रण! "बघा, ह्या बायका वर्षभर हेच खातात."

सालहाने हातही थांबवला नाही. "आणि तू लहानपणी काय खात होतास रे? फ्रान्समधून डबा यायचा का?"

सून डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसली. रिधा लाल. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं — दोन्ही एकदम.

एक मात्र खरं. नोरा चाळणीपाशी बसली ती उठेना. हात चांगला आहे पोरीचा.

मंगळवार, १४ ऑगस्ट

शिराझ गेल्या वर्षीचा निळा फ्रॉक घालायला तयार नाही. "जुना आहे." कालपर्यंत नव्हता जुना!

गुरुवार, १६ ऑगस्ट

आज सगळं लिहिणार.

ईदचा मेंढा आणला. अंगणात बांधला. रिधा मुलांना सांगतोय, "ही माणसं एका मेंढ्यासाठी वर्षभर पैसे साठवतात." साठवते! मी साठवते! कुणापुढे हात पसरत नाही, ते काय दाखवायची गोष्ट आहे?

रात्री पुन्हा तीच शाळा. नोराला आता नवं काही सुचेना. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शिराझ पाण्याचा जग घेऊन येत होती. नोरा आनंदाने म्हणाली, "मी शिराझ नाही!"

शिराझलाही शाळेत फ्रेंच आहे. तिने जग ठेवला. एक थेंब सांडला नाही. गच्चीवर निघून गेली.

वर गेले तर म्हणाली, "आई, आपल्याला बघून लोकांना बरं वाटतं. इतकं वाईट आहे का आपलं?"

खाली आले. रिधाला अंगणात गाठलं. "आभार मानायचे तर जमिनीवर कपाळ टेकून मान. माझ्या पोरीच्या डोक्यावर पाय देऊन नाही!"

"ताई, पोरांनी शिकायला हवं. आहे त्यात राहायला."

"मग मार्सेयात जाऊन शिकव! माझं घर काय जत्रेतला तंबू आहे?"

"ईद तरी होऊ दे."

"ईद तुझ्या त्या भांडी धुवायच्या यंत्राशेजारी कर."

तोंड उघडलं त्याने. काहीतरी सांगणार होता. मी आत निघून आले.

शुक्रवार, १७ ऑगस्ट

मुख्तार म्हणतो, "सणाच्या तोंडावर सख्ख्या भावाला हाकलतेस?"

हाकलत नाही. निघायला सांगितलं. आल्या दिवसापासून पाहुण्याचा मान दिला, ताटात सगळ्यांत मोठा तुकडा दिला. पण माझी मुलगी मी याच्या धड्यासाठी वापरू देणार नाही. नमाजेत मन लागलं नाही, देव माफ करो. पण शब्द मागे घेणार नाही.

शनिवार, १८ ऑगस्ट

रिधा दिवसभर गाडीत बसून होता. इंजिन बंद. मी भाकरी बांधून ठेवलीय वाटेसाठी. तिघांची.

रविवार, १९ ऑगस्ट

पहाटे फजरच्या नमाजेला उठले तर गाडी नाही, रिधा नाही. मुलं आहेत.

इलियास पायरीवर बसला होता. माझ्याशी पहिल्यांदाच सलग बोलला. "आत्या, बाबाची नोकरी फेब्रुवारीत गेली. घर आम्ही निघालो त्याच दिवशी. आई मामाकडे राहते, तिथे आम्हाला जागा नाही. मला सगळं माहितीय. तुला ईदनंतर सांगणार होता तो. आम्हाला आता इथेच राहायचं आहे."

मी विचारलं, नोराला माहितीय?

"तिला वाटतं, सुट्टी संपली की तिच्या खोलीत जायचंय."

आत दोघी मुली अजून झोपल्यात. सण झाला की शाळेत जाऊन दोन नावं घालायला हवीत. त्याआधी नोराला सांगायला हवं. मीच.