न बदललेला कॅमशाफ्ट

अण्णा, आज दुपारपासून गॅरेजमध्ये स्टुलावर नुसता बसून आहे. इथे परदेशात गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली गाडी ठेवायची खोली. पण पेंडल हिलच्या या घरात तिथे घरची गाडी कधी उभी राहिलीच नाही. ती बाहेर उन्हात तापते आणि तुमची सून त्यावरून मला बोलते. आत असते ती रेसची गाडी. सध्या तिचा मागचा उजवा कोपरा चेपून आत गेलाय आणि पत्रा फाटलाय. ही गाडी तुमची नात चालवायची. तुम्ही गेलात तेव्हा ती दहा वर्षांची होती, आता चोवीसची आहे. परवा तिने सांगून टाकलं की यापुढे चालवणार नाही. तिला वाटतं, भिंतीवर गाडी गेली ती तिच्या चुकीने. चूक तिची नव्हती, माझी होती, आणि हे या घरात मला एकट्यालाच ठाऊक आहे.

तुम्ही असली शर्यत पाहिलेली नाही. मातीचा गोल ट्रॅक असतो, कायम डावीकडे वळायचं. सुरुवातीला पाणी मारून माती दाबलेली असते, तेव्हा टायर छान धरतात. मग वीस-वीस गाड्या घासून घासून ती सुकते, ओट्याच्या फरशीसारखी गुळगुळीत होते, आणि तिथून खरा खेळ सुरू होतो. ताकद सगळ्यांच्याच गाडीत असते. ती जमिनीला कशी टेकवायची एवढाच प्रश्न उरतो. कुठल्या चाकावर किती वजन, कुठली स्प्रिंग कडक, कुठली मऊ, इंजिनचा जोर हळूहळू चढणारा की एकदम अंगावर येणारा, हे सगळं आधी गॅरेजमध्ये ठरवावं लागतं. मी मात्र तुमच्या शॉपमध्ये वाढलेला. उद्यमनगरात तुम्ही ट्रकची इंजिनं उघडायचात आणि गिऱ्हाइकाला सांगायचात, ‘इंजिन दमदार पायजे, बाकी गाडी काय, ढकलत बी नेता येती.’ ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आठ सिलिंडरचं इंजिन मी दोन वर्षं खपून उभं केलं आणि त्यात चांगला दांडगा कॅमशाफ्ट घातला, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, इंजिन जोरात फिरायला लागलं की एकदम जाळ काढणारा. सुरू केलं की शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून अंगठा दाखवायचा. मला तेवढ्याने बरं वाटायचं.

तिला नाही वाटलं. पहिल्याच महिन्यात ती हेल्मेट काढून म्हणाली, “बाबा, इट्स टू मच मोटर. वळणातून बाहेर येताना पेडलला नुसता पाय लागला तरी मागची बाजू सुटते. आपण माइल्ड कॅम टाकू या ना.” मी म्हटलं, पाय सांभाळून टाक. पुढच्या वेळी तिने तेच सांगितलं, मी स्प्रिंगा बदलल्या. त्याच्या पुढच्या वेळी मी शिशाची वजनं सरकवली. ती दर वेळी ऐकून घ्यायची आणि दर वेळी शांतपणे तेच म्हणायची. शेवटी मी तिला हवा तसा कॅमशाफ्ट मागवला. तो आला, तेलकट कागदात गुंडाळलेला, नीट खोक्यात. तुम्हाला काय सांगायचं, ते काम किती किचकट असतं. रेडिएटर काढा, पुढचं कव्हर काढा, मॅनिफोल्ड उतरवा, लिफ्टर नवे घाला, टायमिंग पुन्हा जुळवा. त्या आठवड्यात ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती, रोज घरी यायला आठ वाजायचे. शनिवारी शर्यत. मी थकलो होतो अण्णा. खरं सांगायचं तर थोडा रागही होता, माझ्या इंजिनला नावं ठेवते म्हणून. शुक्रवारी मागच्या उजव्या बाजूला एक नंबरने मऊ स्प्रिंग घातली, थोडं वजन डावीकडे मागे नेलं, आणि खोकं बाकाखाली सारलं. घरात जाऊन म्हणालो, “बदलला गं कॅम.” तिने मला मिठी मारली.

हे मी कुठून शिकलो ते तुम्हाला माहीत आहे. तो ट्रक ड्रायव्हर आठवतो का, निपाणीकडचा, सकाळी सकाळी भांडत आलेला? गाडी जड चालतेय, ओढच नाही, तुम्ही काम नीट केलं नाही, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तुम्ही त्याला बाकड्यावर बसवता. इंजिनच्या अंगाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवता, त्याची मूठ कानाला लावता, आणि एकेक सिलिंडर ऐकत जाता. मग टॅपेटचं झाकण उघडता आणि तसंच बंद करता. चार वाजता त्याला सांगता, व्हॉल्व्हचं सेटिंग बदललंय, एक चक्कर मारून ये. तो येतो तो खूष होऊन. “अण्णा, आता कशी पळतीया बघा!” तुम्ही त्याला वर चहा पाजून पाठवता. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, अंगात भलतीच तत्त्वं भिनलेली. मी म्हणालो, ही फसवणूक झाली. तुम्ही चारही कामगारांसमोर म्हणालात, “कॉलेजात जाऊन शाना झालास व्हय? निम्मं इंजिन बॉनेटखाली असतंय आणि निम्मं ड्रायव्हरच्या डोक्यात. दोन्ही दुरुस्त करावं लागतंय.” सगळे हसले. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. पण ते वाक्य जन्मभर पुरलं मला, ऑफिसातसुद्धा किती वेळा ऐटीत सांगितलं असेल. त्या दिवशी आधी अर्धा तास तुम्ही कान लावून इंजिन ऐकत होतात आणि त्यात काही दोष नाही याची खात्री झाल्यावरच त्याची समजूत काढलीत, हे मात्र मी सोयीस्कर विसरलो. माझ्या गाडीत दोष होता आणि ती तीन वेळा तो सांगत होती.

शनिवारी दुपारी सरावाच्या वेळी माती ओली होती. चार फेऱ्या मारून आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. “मच बेटर! आता कशी स्मूथ आहे बघ, थँक्स बाबा.” मी मान डोलावली. मनात म्हटलं, बघा अण्णा, चाललं की नाही. त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. संध्याकाळच्या शर्यतीत अकराव्या फेरीपर्यंत ती चौथी होती आणि ट्रॅक सुकून चकाकायला लागला होता. गाडीत मवाळ कॅमशाफ्ट आहे असं समजून तिने वळणातून बाहेर पडताना पाय लवकर टाकला, एरवी कधीच टाकला नसता इतका लवकर. इंजिनने सगळा जोर एकदम दिला. गाडी मागून फिरली आणि बाहेरच्या भिंतीला आपटली. मी कुंपणाशी उभा होतो. लाल दिवा लागला, लोक धावले. तिने गाडीच्या खिडकीच्या जाळीतून हात बाहेर काढून हलवला, तेव्हा कुठे मी धावलो.

गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात झोळीत. डॉक्टर म्हणाली, “नो वरीज, शी’ल बी राइट.” तसं ते भरून येईलही. पण परवा जेवताना, डाव्या हाताने चमच्याने वरणभात खाताना, ती अचानक म्हणाली, “आय गॉट ग्रीडी, बाबा. तू एवढं काम करून कॅम बदलून दिलास आणि तरी मला कंट्रोल नाही झाली. म्हणजे मोटरचा प्रॉब्लेम नव्हताच ना, माझाच होता. आय’म जस्ट नॉट गुड इनफ.” वर म्हणाली, “सॉरी, तुझ्या इंजिनला उगाच ब्लेम करत होते.” तुमच्या सुनेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी ताटातली भेंडीची भाजी संपवली. वर थोडा ताकभातही घेतला.

रविवारी कोणीतरी तिची सीट आणि रेसचा सूट बघायला येणार आहे. तिने जाहिरात टाकून दिली, मला विचारलंही नाही. एक वाक्य बोललो तर ती ते थांबवेल, हे मला कळतं. नंतर कदाचित माझ्या हातच्या गाडीत ती पुन्हा कधी बसणार नाही, आणि बसूही नये. पण ज्या मुलीच्या पायाला पहिल्याच महिन्यात इंजिनचा दोष कळला, ती आयुष्यभर स्वतःला कच्ची समजत राहील, हे मला सहन होत नाही. सहन होत नाही असं लिहितोय खरा, पण परवापासून सहन केलंच आहे.

आज गुरुवार. तुम्हाला इतकी पानं लिहिली, ती कुठेच जाणार नाहीत. तुमची नात पलीकडच्या खोलीत आहे, मध्ये एक भिंत. खरं तर हे तिलाच लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तिला लिहिलं असतं तर ते तिच्या हातात द्यावं लागलं असतं.