डी थ्री रुसून माहेरी गेली

पिंपळनेर,
२ जानेवारी २०२५

चि. सौ. सुलक्षणा हीस भिकुवहिनीचे अ. उ. आ.

तुझ्या सुनेचा, दिपमालाचा फोन आला. रिक्षातून उतरताना नुसता पाय टेकला आणि पायाच्या हाडाला चीर गेली म्हणे. रिक्षा काय डोंगर आहे का गं माय? तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तुमच्याकडे फोन आला की स्पीकर लावतात आणि बठ्ठं घर ऐकतं. म्हणून पत्र. हे तू एकटीच वाच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, अंगात व्हिटॅमिन डी नाही, हाडं मऊ झाली, ते भरेपर्यंत प्रवास बंद. आणि एप्रिलच्या शेवटी अक्षय्य तृतीया, आपली अखाजी, लेकींनी माहेरी येऊन झोका खेळायची. तुझे भाऊ गेल्यापासून तीन अखाज्या तू माहेरी आली नाहीस. पहिल्या वर्षी दुःख होतं, दुसऱ्या वर्षी नातवाची परीक्षा, तिसऱ्या वर्षी काय होतं ते तुझं तुलाच ठाऊक. इकडे माझा चंदन अंगणातला निंब तोडायला निघालाय, त्याला ट्रॅक्टरसाठी शेड पाहिजे. मी त्याला सांगितलं, याच निंबाला तुझ्या आत्याचा झोका बांधायचो. यंदा ती येऊन बसली तर निंब राहील, नाही आली तर घे कुऱ्हाड. म्हणजे निंब आता तुझ्या हाडांवर उभा आहे.

औषध वेळेवर घे. ऊन काही तुमच्या फ्लॅटात येत नाही, जिना चढून तेही दमत असेल. मी बघ, दिवसभर अंगणात. माझं हाड वाजवलं तर टणटण वाजेल.

लोभ उन्हासारखा रोज पडू दे.
तुझी भिकुवहिनी

जळगाव,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींना सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र देवघरात लपवून वाचलं. दिपमालाने विचारलं की मी एकटीच काय हसते, तर मी पोथीवर ढकललं.

औषधाची गंमत सांगते. आधी डॉक्टरीणबाईंनी डी थ्रीच्या पुड्या दिल्या. ते मेंढीच्या लोकरीच्या तेलकट मळापासून करतात, असं दिपमालाने मोबाइलवर वाचलं. माझ्या गळ्यात माळ. मी पुड्या परत पाठवल्या. मग त्यांनी डी टू दिलं, अळंबीपासून केलेलं. सात आठवडे नेमाने घेतलं आणि रक्त तपासलं. डी टू अंगात आलं, पण माझं स्वतःचं थोडंफार डी थ्री होतं ते उलट खाली गेलं! बेरीज होती जवळपास तिथेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काही जणांच्यात असं होतं, आणि डी थ्रीच अंगात जास्त टिकतं. मेंढीशिवायचं डी थ्रीही निघतं, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भावकीतल्या कशापासून तरी. पण ते इथल्या दुकानांत मिळालं नाही.

वहिनी, यंदाही जमेलसं दिसत नाही. आणि खरं सांगू का, भाऊ नाहीत तर दारात कोण उभं राहणार, असं मनात येतं. चंदनला निंब तोडू द्या.

राग न मानता माया राहू द्या.
तुमची सुलक्षणा

पिंपळनेर,
३ मार्च २०२५

चि. सौ. सुलक्षणा हीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, मग चहा केला.

अगं, डी टू म्हणजे नवी सून. तिने उंबरा ओलांडला आणि घरातली जुनी डी थ्री रुसून माहेरी गेली. बघ, डी थ्रीसुद्धा माहेरी जाते आणि तू जात नाहीस!

दारात कोण उभं राहणार म्हणतेस? तुझे भाऊ कधी उभे होते ते आठव जरा. तू यायचीस तेव्हा ते पारावर पत्ते कुटत असायचे. भाकरतुकडा ओवाळून टाकायला मीच होते. मी काय दाराची कडी आहे?

आता मेंढीचं. तू रोज पोथी कशावर बसून वाचतेस? मी दिलेल्या घोंगडीवर. ती सोवळ्यात चालते, देवापुढे चालते. ती काय कापसाची शे? आपल्या शेतात सध्या वना ठेलारीच्या मेंढ्या खतासाठी बसवल्यात. मी त्याला मुद्दाम विचारलं की लोकर कातरताना मेंढीला दुखतं का. तो म्हणे, अक्का, कातरून सोडली की ती उड्या मारते, न्हाव्याच्या हातून सुटलेल्या पोरासारखी. अळंबीची भाजी तू जन्मात घरात येऊ दिली नाहीस, ती गोळीतून चालली. मेंढीनेच काय घोडं मारलंय?

तरी बळजबरी नाही. माळ तुझी, मन तुझं. चोरून लाडवात घालावं असं एकदा मनात आलं होतं, पण घालणार नाही. चंदन जळगावला पाइप घ्यायला येतोय, त्याच्याजवळ पिशवीभर दगडफूल देते. मेंढी नको तर दगड खाऊन बघ.

रुसली असलीस तरी लोभ कमी करू नको.
तुझी भिकुवहिनी

जळगाव,
१४ एप्रिल २०२५

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

वहिनी, तुम्ही माझं हसं केलंत. मी खरंच मूठभर दगडफूल वाटून शेवभाजीत घातलं. भाजी काळी आणि कडू. तुमच्या नंदोईंनी विचारलं की घरात डांबरीकरण सुरू झालंय का. नातू शेजारी जेवायला गेला. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मसाल्यातलं दगडफूल औषधाचं काम करत नाही, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पोथी वाचून उठले. लुगड्याला घोंगडीचे दोन केस चिकटले होते. ते मी रोज झटकते. त्या दिवशी हात थांबला. परत तिथेच बसले, माळेला हात लावला आणि दिपमालाला दुधातून पुडी आणायला सांगितलं. पुडी तिने आधीच आणून ठेवली होती.

आठवड्याला एक अशा पाच पुड्या झाल्या आणि रक्त पुन्हा तपासलं. तुमची रुसलेली डी थ्री परत आली, आणि बरोबर माणसं घेऊन आली! पायाचं हाडही जुळलं. गाडीने जायला परवानगी आहे, झोकाही हळू चालेल.

मी येते. पण अट आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, शेतातल्या बायकांचंही डी कमी निघतं, डोक्यावर पदर आणि कोपरापर्यंत बाह्या. तर तुमची टणटण तपासून घ्या. नाहीतर मी दारात येऊन गाडीतून उतरणार नाही.

आता तुमच्यावर डोळे लावून आहे.
तुमची सुलक्षणा

पिंपळनेर,
२१ एप्रिल २०२५

चि. सौ. सुलक्षणा हीस अ. उ. आ.

हे पत्र वाचून फाडून टाक.

माझं डी तुझ्या पहिल्या आकड्याहूनही कमी निघालं. डॉक्टरने विचारलं की दिवसभर अंगणात असता तर नेमक्या कुठे बसता. मी सांगितलं, निंबाखाली. चंदन दवाखान्याच्या पायरीवर बसून हसला. आता गावभर सांगत फिरतो की निंब तोडला असता तर आई पहिलवान झाली असती.

निंब राहिला. खाट फक्त सावलीतून बाहेर सरकवली. सकाळची कामं उरकली की पदर मागे टाकून उन्हात बसते. गावनात्याने सासरा लागणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला तशी पाहिली आणि बिचारा रस्ता बदलून गेला. या वयात माणसं मला लाजायला लागली!

झोका बांधलाय. तुला चालू, मला तीन महिने बंद. तीन वर्षं झोका राखला मी आणि बसणार तू. बस, पण दोरी माझ्या हातात. खाटेवरून ओढीन, पाळण्याची ओढतात तशी. येताना माझ्यासाठी पुड्या आण. मेंढीच्याच.

भाकरतुकड्याची काळजी करू नको. दारात मी उभी असेन, उन्हात.

ये आणि लोभ हातोहात घेऊन जा.
तुझी भिकुवहिनी