ग्रंथींचा वर्ग चौथा

नांदेड, ३ मे १९४४
हैदराबादहून मायक्रोस्कोप आला. गर्भाशयाच्या अस्तराचे नमुने आता तिकडे पाठवणं बंद. निदान मीच करणार. पुस्तकात वर्ग फार. मी चारच ठेवले: उत्तम, ठीक, वाईट, फारच वाईट.
पहिला नमुना घरचाच. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. जनाना दवाखान्याच्या डॉक्टर सरोजिनीबाईंनी चंद्रप्रभाचं अस्तर खरवडून दिलं. आईनं अहमदपूरची दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे. मी आईला म्हटलं, आधी सायन्स काय म्हणतं ते पाहू.

७ मे
तुकडा मेणात बसवून पातळ काप काढायचे. मेण घट्टच होईना. या उन्हात मेणाचं तूप होतं. रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवलं तर मुंग्या लागल्या. वैताग.

११ मे
काप निघाला. एकच. ग्रंथी वेड्यावाकड्या, करवतीच्या दात्यांसारख्या, आत स्राव. पुस्तकातल्या चित्रात निरोगी ग्रंथी सरळ नळीसारख्या आहेत. (पुढचं पान वाचायचं राहिलं. गरज नाही.) वर्ग चौथा. वाईट वाटलं, पण सायन्सपुढे बायको नाही.

१२ मे
सरोजिनीबाईंनी विचारलं, पाळीची तारीख घेतली का? मी सांगितलं, खानदानी घरात नवरा असलं विचारत नाही. त्यावर म्हणाल्या, दर महिन्याला ती तीन दिवस बाजूला बसते, तेव्हा तुम्हाला कोण वाढतं? आई वाढते. आता आमटी कोणी वाढली याची नोंद डॉक्टरनं ठेवायची काय?

१४ मे
निदान जाहीर केलं. आईनं ताबडतोब अहमदपूरला माणूस धाडला. चंद्रप्रभा म्हणाली, नऊ वर्षं उपास करून राहिले, आता हेही मीच भोगायचं का? मला घास गेला नाही. मुलगी चांगल्या घरची आहे म्हणतात.

१६ मे
सरोजिनीबाई न बोलावता आल्या. चंद्रप्रभाला तारीख विचारली. तिनं सरळ सांगितली! मग भिंगातून जेमतेम मिनिटभर पाहिलं आणि हसल्या. म्हणे, पाळीच्या आधीच्या आठवड्यात ग्रंथी अशाच वळतात. म्हणजे बीज तयार होतं, बाई ठणठणीत आहे. आता एकाचीच तपासणी राहिली.
कोणाची, ते मी विचारलं नाही. आईनं विचारलं.

१७ मे
अंग कसकसतंय. मायक्रोस्कोप महिनाभर बंद. उन्हानं भिंग बिघडतं.
टेबलावर सकाळपासून नमुन्याची रिकामी बाटली ठेवलेली आहे. लेबलावर माझं नाव आणि वय. अक्षर चंद्रप्रभाचं.