गजराच्या घड्याळाचं झाकण

दादा,

बाबांच्या गजराच्या मनगटी घड्याळापायी मला भर उन्हात डोंबिवलीहून नौपाड्याला जावं लागलं, याचा मी तीव्र निषेध नोंदवते. "पाठवण्याआधी अस्सल आहे का बघ," हा हुकूम टोरांटोत बसून सोडणं सोपं असतं.

गांगल घड्याळजींनी ते उघडलं. "यंत्र अस्सल. मागचं झाकण दुसऱ्याच घड्याळाचं. आतून खुंटी नाही, मग गजराची हातोडी आपटणार कशावर?"

बाबांनीच कधीतरी बदललं असणार. पण बाबांनंतर घड्याळ माझ्याकडे होतं. खरं सांगितलं तरी चोर मीच, लपवलं तरी मीच.

"माझ्याकडे खुंटीचं झाकण आहे, ताई," गांगल म्हणाले. "तेही ह्याचं नव्हे, पण वाजेल."

तेच बसवलं. हे पत्र माझ्याजवळच ठेवून घेते, घड्याळ तेवढं पाठवते. बारावीला रोज पहाटे तू मला उठवायचास; आता हा गजर तुला उठवेल, ते ऋण फिटलं.

तुझी,
योगिनी