शेजारच्या काकूंची सही

बाबा, आपल्या गच्चीवरच्या टॉवरला महानगरपालिकेची परवानगी मिळाली. तुम्ही आयुष्यभर बांबूला तार बांधून जगाशी बोललात. माझ्या रेडिओसाठी आता चांगला लोखंडी टॉवर उभा राहतो आहे. झोन ऑफिसातल्या बाबूंनी नकाशा उलटसुलट करत विचारलं, "मोबाइलचा टॉवर होय का मॅडम?" म्हटलं, नाही, हौशी रेडिओचा, घरबसल्या दूरदेशीच्या लोकांशी बोलायचा. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. इंजिनिअरचा दाखला, घराचे कागद, सगळं जोडलेलं होतं. "बस, बाजूवाल्यांचं ना-हरकत पत्र आणून द्या," ते म्हणाले. बाजूच्या म्हणजे काकू, तुमच्याशी शेवटपर्यंत अबोला धरलेल्या.

त्यांच्या शेवग्याची ती फांदी आठवते ना? तुमच्या तारेला अडत होती. मी आठवीत. उन्हाळ्याची दुपार, तुम्ही ऑफिसात, काकूंकडचा कूलर घरघरतो आहे आणि मी भिंतीवर चढून कोयता चालवते आहे. शेंगांसकट फांदी खाली. वाऱ्यानं पडली, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही 'बरं' म्हणून चपला काढल्यात. मग मला रेडिओपाशी बसवून बजावलंत, "बटन दाबाच्या आधी ऐकाचं. कोणी बोलून राहिलं का, विचाराचं. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचाराचं. मंगच तोंड उघडाचं." मला वाटलं, रेडिओचाच धडा आहे.

काकू आता काठी घेऊन चालतात. "काहून वं, आज इकडं कशी?" कागद पुढे करण्याआधी मी सांगून टाकलं, "काकू, ती फांदी मी तोडली होती. बाबांनी नाही."

"मले माहीत हाय. खिडकीतून पायलं होतं."

"मंग बाबाशी काहून नाही बोलल्या?"

"तुहा बाप दुसऱ्या दिवशी आला अन् म्हणते, माह्याच हातानं तुटली. म्या डोयानं पायलेलं, अन् मलेच खोटं सांगते. खरं सांगतलं असतं तर तुले दोन गोष्टी बोलली असती, अन् शेंगाही देल्या असत्या." मग चष्मा लावून त्यांनी सावकाश सही केली. "तार माह्या गच्चीवरून नेशीन, तर पहिले विचारजो."

परत येताना मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. इतकी वर्षं मी मनातल्या मनात खूश होते, की तुम्हाला माझं खरं वाटलं. काकूंनी काल शेंगा पाठवल्या. आमटी छान झाली. हे पत्र टाकणार कुठे, परवानगीच्या फाइलीतच ठेवते. काकूंना खरं सांगितलं ते सही हवी होती म्हणून. तुमच्याकडून आता मला काही नको आहे. बाबा, फांदी मी तोडली होती.